तळस्वरांची वाट : डबल बेस आणि व्हिला-लोबोस यांचे वाद्यवृंदसंगीत

पाश्चात्य वाद्यवृंदाविषयी मराठीत जे थोडेबहुत लिहिले जाते त्यात 'बेस' या संज्ञेसाठी 'खर्ज' हा शब्द सर्रास योजला जातो. शब्द सोयीचा आहे; परंतु भाषांतर म्हणून तो चुकीचा आहे, आणि ही चूक केवळ कोशकारांची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. 'खरज' हे 'षड्ज' या शब्दाचेच उच्चारांतर होय. उत्तरेकडे 'ष'चा उच्चार 'ख' होऊ लागला, त्यातून ते रूप सिद्ध झाले. म्हणजे मुळात हा शब्द सप्तकातील एका ठराविक स्थानाचे नाव आहे. खालच्या, भरदार आवाजाचा अर्थ त्यास मागाहून चिकटला. उलट इटालियन 'बास्सो' किंवा पोर्तुगीज 'बायशु' यांचा अर्थ 'खालचा' एवढाच. त्यात कोणत्याही स्वराचे नाव नाही. एखाद्या क्षणी ध्वनिसमूहात जो स्वर सर्वांच्या तळाशी असेल तो बेस. पुढच्या क्षणी तो दुसरा असू शकतो, आणि बहुधा असतोच. एक संज्ञा बसणाऱ्या स्वराची आहे, दुसरी चालणाऱ्या स्वराची.

हा भेद कानाला कसा जाणवतो ते साध्या उदाहरणाने दाखविता येईल. एका गायकाने 'सा' लांबविला आहे असे समजावे. त्याच्या तळाशी प्रथम 'सा', मग कोमल 'ध' आणि मग 'म' असे तीन स्वर क्रमाने वाजविले. गायकाचा स्वर तसूभरही हललेला नाही. तरी पहिल्या वेळी तो स्वरसंघाचे मूळ आहे, दुसऱ्या वेळी त्यातील तिसरा आहे आणि तिसऱ्या वेळी पाचवा. व्याकरणाच्या अभ्यासकास यात अपरिचित असे काही नाही. 'त्या बाया' आणि 'त्या बाईने' या दोन प्रयोगांत 'त्या' हे रूप एकच आहे, पण पहिल्यात ते प्रथमेचे बहुवचन आहे आणि दुसऱ्यात एकवचनाचे सामान्यरूप. रूप ऐकून कार्य कळत नाही. कार्य कळण्यासाठी शेजार पाहावा लागतो. स्वरसंघांच्या संगीतात हा शेजार मुख्यतः तळाशी असतो. भारतीय संगीतात 'सा' अढळ असल्यामुळे प्रत्येक स्वराचा अर्थ एकदाच ठरतो आणि मैफल संपेपर्यंत तो तसाच राहतो. एकात अर्थ स्थिर आधारावर तोलला जातो, दुसऱ्यात चालत्या आधारावर.

बारामती तालुक्यातील कन्हेरीसारख्या गावातला श्रोता घेतला तर हे अधिक स्पष्ट होते. कन्हेरी-काटेवाडीच्या या परिसरातून तुकोबांची पालखी इंदापूरकडे जाते आणि काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते. त्या वाटेवर ज्याचा कान घडला त्याच्या श्रवणाचा पाया दिंडीतला विणेकरी घालतो. मृदंग बदलतो, टाळांची लय चढते, अभंग एकामागून एक येतात. वीणा मात्र तोच सूर धरून असते आणि मुक्कामापर्यंत भुईला टेकत नाही. विणेकरी देहूपासून पंढरपुरापर्यंत चालतो, त्याचा स्वर एक पाऊलही चालत नाही. अशा कानाला वाद्यवृंदातील डबल बेस प्रथम ऐकू येतो तो विणेचाच मोठा भाऊ म्हणून : काहीतरी खाली घुमत आहे, त्याने वरच्या गाण्याला आधार दिला आहे, एवढेच. पण आधार आहे हे जाणवणे वेगळे, आणि तो कोठून कोठे चालला आहे हे ऐकणे वेगळे. 'खर्ज' हा शब्द त्या श्रोत्यास पहिल्या पायरीवरच थांबवितो.

ब्राझीलच्या वाद्यवृंदसंगीताच्या बाबतीत या थांबण्याची किंमत फार मोठी पडते, हा प्रस्तुत विवेचनाचा मुद्दा आहे. त्या देशाच्या संगीताची ख्याती तालवाद्यांची आहे, आणि आपले अभिप्रायही बहुधा तालाचा जोम, लोकधुनांचा ठसा, अरण्याचा भास या तीन वाक्प्रयोगांत आटोपतात. हे अभिप्राय खोटे नाहीत, पण ते वरून ऐकून दिलेले आहेत. एटोर व्हिला-लोबोस (1887–1959) यांच्या 'बाकियानास ब्राझिलैरास' या 1930 ते 1945 या काळातील नऊ रचना डबल बेसच्या बाजूने, म्हणजे खालून, वाचल्या तर वेगळेच चित्र दिसते.

या वाद्याचा एक गुण येथे सांगितला पाहिजे. डबल बेसच्या चार तारा चौथ्या स्वराच्या अंतराने लावलेल्या असतात, आणि लिहिलेल्या स्वरापेक्षा तो एक सप्तक खाली वाजतो. त्याच्या सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदास सुमारे 41. एवढी जाड तार गजाखाली बोलू लागण्यास किंचित वेळ घेते, आणि खालच्या भागात डाव्या हाताच्या एका बैठकीत पहिल्या बोटापासून चौथ्या बोटापर्यंत जेमतेम एक पूर्ण स्वर मावतो. म्हणून बेसवादकाला हात सतत सरकवावा लागतो, आणि पुढचा स्वर कोणता हे आधीच ठाऊक असावे लागते. व्हायोलिनवादक स्वराबरोबर जाऊ शकतो. बेसवादकाला स्वराच्या आधी पोहोचावे लागते. त्याच्या पुढ्यातील कागदावर धून नसते, शोभा नसते; असते ती केवळ तळस्वरांची वाट. झुबिन मेहता हे मुंबईत जन्मलेले वाद्यवृंदसंचालक 1954 मध्ये व्हिएन्नाच्या संगीत अकादमीत गेले ते संचालनाबरोबर डबल बेस शिकले. 1969 साली शूबर्टच्या 'ट्राउट' पंचकाच्या चित्रित मैफलीत बेस त्यांच्याच हाती होता. त्यांचे वडील मेहली मेहता हे व्हायोलिनवादक, आणि 1935 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक. वडिलांच्या हाती वरचा स्वर होता. मुलाने वाद्यवृंद समजून घेण्यासाठी तळाचे वाद्य धरले.

आता व्हिला-लोबोस यांच्याकडे वळावे. 'बाकियानास' मधील बहुतेक भागांना दोन दोन नावे आहेत. एक बाखच्या काळचे : प्रेल्यूड, आरिया, टोकाटा, फ्यूग. दुसरे ब्राझीलचे : मोदिन्या, शोरो, एम्बोलाडा, पोन्तेयु. संगीतकाराची भूमिका अशी की, बाखचे संगीत हे सर्व देशांच्या लोकसंगीताशी नाते सांगणारा एक सार्वत्रिक झरा आहे. ही भूमिका जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे. 1930 ते 1945 हा गेतुलिओ व्हार्गास यांच्या पहिल्या राजवटीचाही काळ. व्हिला-लोबोस त्या काळात शालेय संगीतशिक्षणाचे अधिकारी होते आणि हजारो मुलांचे समूहगान क्रीडांगणांवर घडवीत होते. राष्ट्र आणि विश्व यांची एका शीर्षकात सांगड घालणे त्या राजवटीस गैरसोयीचे नव्हते. तेव्हा ही दुहेरी नावे केवळ चिठ्ठ्या आहेत की संगीताच्या अंगात उतरलेल्या आहेत, हे तपासणे टीकाकाराचे काम ठरते. ते धुनांवरून तपासता येत नाही. धून ब्राझीलची असली म्हणून बाख येत नाही, आणि फ्यूगचा साचा असला म्हणून ब्राझील येत नाही. दोघांची गाठ पडलीच असेल तर ती तळाशी.

बाखच्या काळी रचनेची वीण तळस्वरांच्या सलग ओळीवर होत असे. वरचे स्वर अनेकदा आकड्यांनी सुचविलेले असत आणि वादक ते ऐन वेळी भरीत असे; तळची ओळ मात्र लिहिलेलीच असे. रिओ द झानेरोच्या रस्त्यांवर 1870 च्या सुमारास आकारास आलेल्या 'शोरो' या संगीतप्रकारात बासरी वर गाते, चार तारांचे लहान काव्हाकिन्यु मधला ताल धरते, आणि गिटारवादक खालच्या तारांवर चालती, वळणे घेणारी ओळ वाजवितो. पुढे सात तारांची गिटार या कामासाठी रूढ झाली. त्या खालच्या ओळीला ब्राझीलमध्ये 'बायशरिया' म्हणतात. (तोच शब्द तेथील बोलीत 'हलकटपणा' या अर्थीही येतो, 'खालचा' या कल्पनेची अशी घसरण बहुतेक भाषांत दिसते.) लिपझिगचा चर्चसंगीतकार आणि रिओचा रस्त्यावरचा गिटारवादक यांच्यात परंपरेचा धागा शोधणे व्यर्थ आहे. पण दोघांनीही तळाच्या ओळीला स्वतंत्र चाल दिली, तिला वरच्या गाण्याशी बोलू दिले. व्हिला-लोबोस तरुणपणी याच शोरो-वादकांत गिटार घेऊन बसत आणि उपजीविकेसाठी नाटकगृहांत चेलो वाजवीत. हे साम्य त्यांना पुस्तकात नव्हे, हातात सापडले असावे.

मारिओ द आंद्रादे यांनी 1928 च्या ब्राझिली संगीतावरील आपल्या निबंधात या गोष्टीकडे बोट दाखविले होते. बासरीवादकांच्या प्रतिधुना आणि मोदिन्या गाताना गिटारवर वाजणारे गेय तळस्वर यांतून ब्राझीलची स्वतःची बहुस्वरता वाढू शकेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या निबंधाची आठवण राष्ट्रीय संगीताचा जाहीरनामा म्हणून निघते. त्यातला हा बारीक धागा मात्र मागे पडतो. 'बाकियानास'चा पहिला भाग त्यानंतर दोनच वर्षांनी लिहिला गेला.

या दृष्टीने नऊ रचनांत सर्वांत निर्णायक आहे ती सहावी (1938), आणि ती वाद्यवृंदासाठी नाहीच. तिच्यात बासरी आणि बसून अशी दोनच वाद्ये. पहिल्या भागाचे नाव 'आरिया', दुसरे नाव 'शोरो'. सगळे मधले स्वर काढून टाकले. वरची ओळ आणि खालची ओळ एवढेच राहिले. बसून येथे साथ करीत नाही. तो उत्तर देतो, अडवितो, कधी वर चढून बासरीच्या अंगावर येतो. शोरोचा सांगाडा आणि बाखचा सांगाडा एकमेकांवर ठेवून पाहावा तसे हे आहे, आणि येथे दोन्ही नावे खरी ठरतात. डबल बेसच्या विद्यार्थ्याने ब्राझीलच्या वाद्यवृंदसंगीताचा अभ्यास बसूनच्या या ओळीपासून सुरू करावा. ती त्याच्या वाद्यासाठी नाही, त्याला ती गैरसोयीची पडेल. पण मोठ्या रचनांत त्याच्या वाट्याला काय आले आहे ते तिच्यावाचून कळणार नाही.

पाचवी रचना जगप्रसिद्ध आहे : एक स्त्रीस्वर आणि आठ चेलो. 1938 मधील आरियात शब्दहीन गान वर तरंगते आणि खाली चेलोच्या तारा बोटांनी छेडून गिटारचा भास केला जातो. या रचनेत डबल बेस नाही. पहिल्या रचनेतही नाही. तीही चेलोवृंदासाठीच आहे. ब्राझीलच्या संगीतातील सर्वांत लोकप्रिय पानावर बेसवादकास वाजविण्याजोगे काही नसावे, ही गंमत खरी. पण तिचे कारण आहे. चेलो हे संगीतकाराचे स्वतःचे वाद्य. तळाची ओळ माणसाच्या आवाजाच्या टप्प्यात राहावी, ती गाता यावी, ही इच्छा त्यामागे दिसते. डबल बेस आला की ओळीला वजन येते आणि ती थोडी अमानुष होते.

ते वजन चौथ्या रचनेत येते. मूळ पियानोसाठी लिहिलेल्या या रचनेचे वाद्यवृंदरूप 1942 चे आहे. तिचे प्रेल्यूड केवळ तंतुवाद्यांचे; स्वराकृती पुन्हा पुन्हा पायरी उतरत जाते आणि तळ तिच्याबरोबर उतरतो. हे पान बाखच्या इतके जवळ आहे की त्याला ब्राझिली नाव देणे संगीतकारालाही जमले नसावे. दुसरे नाव म्हणून त्याने 'प्रस्तावना' एवढाच शब्द ठेवला. हा प्रामाणिकपणा नोंदण्याजोगा आहे. पुढच्या कोरालात एक स्वर उंचावर ठणठणत राहतो, तो ब्राझीलच्या 'आरापोंगा' पक्ष्याचा. श्रोत्याचे लक्ष त्या पक्ष्याकडे जाते, आणि कार्यक्रमपत्रिकांतून त्याचेच वर्णन येते. तळाशी याच वेळी कोरालाची वाट चाललेली असते, आणि तिच्यामुळेच वरच्या न बदलणाऱ्या ठोक्याचा अर्थ दर खेपेस बदलतो. आरंभी घेतलेले लांबविलेल्या 'सा'चे उदाहरण येथे प्रत्यक्ष रचनेत उतरले आहे. तळ ऐकला नाही तर पक्षी हा केवळ पक्षी राहतो.

दुसऱ्या रचनेतील (1930) 'कायपीराची छोटी आगगाडी' या टोकाटाबद्दल थोडे सावध राहावे लागते. 'कायपीरा' म्हणजे साओ पाउलोच्या अंतर्भागातला खेडूत. गाडी सुटते, वेग घेते, वर सोपी धून गाते, आणि शेवटी धापा टाकीत थांबते. दौंडहून बारामतीस येणारी एके काळची अरुंद रुळांची गाडी ज्यांनी पाहिली-ऐकली असेल त्यांना हे चित्र समजावून द्यावे लागणार नाही. रचना मोहक आहे. पण येथे खालची वाद्ये चाकांचे काम करतात. तळ फिरतो, चालत नाही. टोकाटा हे नाव गतीपुरते खरे आहे, त्यापलीकडे बाख या गाडीत बसलेला दिसत नाही.

हाच भेद 1926 च्या दहाव्या 'शोरो' रचनेत अधिक ठळक होतो. मोठा वाद्यवृंद आणि गायकवृंद यांच्या या प्रचंड कृतीचा उत्तरार्ध एका आवर्ती आकृतीवर चढत जातो, आणि गायक अर्थहीन अक्षरे उच्चारतात, जी मूळ रहिवाशांच्या बोलींचा भास व्हावा म्हणून योजलेली आहेत. भारतीय कानाला ही रचना पहिल्या भेटीत जवळची वाटते, कारण आधार एका जागी पक्का आहे आणि त्यावर लय चढते आहे. पण नेमकी येथेच कृती दिखाऊ होते. ज्या लोकांच्या भाषांना स्वतःचे व्याकरण आहे त्यांच्या तोंडी केवळ ध्वनी द्यायचे आणि त्यास आदिमाचा आविष्कार म्हणायचे, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकास रुचणारे नाही. स्थिर आधार हा दोष नव्हे. तो दोष असता तर आपले सारे संगीत दोषी ठरेल. आपल्याकडे मात्र त्या स्थिरतेवर रागाची बारीक वीण उभी राहते. दहाव्या 'शोरो'त तिच्यावर मुख्यतः आवाजाचा ढीग उभा राहतो.

या सर्वाशी आपला संबंध दूरचा आहे असे मानण्याचे कारण नाही. पोर्तुगीज सत्तेने ज्या वाद्यांचे आणि शब्दांचे बियाणे ब्राझीलला नेले तेच गोव्यालाही आणले. कोकणीत व्हायोलिनला 'रेबेक' म्हणतात. ते पोर्तुगीज 'राबेका'. त्याला महत्त्वदर्शक प्रत्यय लागून झालेला 'रबेकांव' म्हणजे मोठे राबेका, अर्थात डबल बेस. गोव्यातील चर्चमध्ये आणि घरोघरच्या लदाइनींत व्हायोलिनांच्या मागे हा रबेकांव उभा असे. ब्राझीलच्या ईशान्य भागात 'राबेका' हे आजही लोकवाद्य आहे. 'रबेकांव' या शब्दावर मात्र तेथे बोलीत शववाहिनी हा अर्थ चढला. मूळ शब्द अरबी 'रबाब'. तो हिंदुस्थानात एकदा इराणमार्गे 'रबाब' म्हणून आला आणि पुन्हा लिस्बनमार्गे 'रेबेक' म्हणून. दोन्ही किनाऱ्यांवरील गाण्यांतही साम्य आहे : गोव्याचा मांडो आणि ब्राझीलची मोदिन्या ही दोन्ही संथ, विरहाची. पण यावरून एकाने दुसऱ्याकडून उचलले असे म्हणू नये. समान शाळा म्हणजे ऋण नव्हे. मांडोत दुसरा आवाज पहिल्याला तिसऱ्या-सहाव्या स्वराच्या अंतराने समांतर जातो, आणि ताल घुमट धरते. मोदिन्येत गिटारचा तळ स्वतःच्या वाटेने जातो. एकाच शाळेतील दोन विद्यार्थी निराळे निघाले.

गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले, आणि मराठी कानाचा चालत्या तळाशी खरा संबंध तेथे जुळला. शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसूझा यांनी गाण्याच्या चालीखालून प्रतिधुना वाहत्या केल्या. अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागांवर आधारलेल्या आपल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. कन्हेरीच्या श्रोत्याने रेडिओवर गाणे ऐकले तेव्हा त्यात डबल बेसची ओळ होतीच. ती त्याच्या कानावर पडत होती, पण तिला नाव नव्हते, म्हणून ती ऐकल्याची नोंद झाली नाही. मारिओ द आंद्रादे यांनी 1928 मध्ये ब्राझीलसाठी जे केले, म्हणजे रस्त्यावरच्या वादकाच्या हातातील सवयीला विचारात जागा दिली, ते मुंबईच्या या वादकांसाठी मराठी टीकेने केले नाही. त्यांच्याविषयी लिहिताना ती 'साथ' या शब्दावर थांबते.

'खर्ज' हा शब्द षड्जाकडे आणि गायकाच्या खालच्या आवाजाकडे राहू द्यावा. वाद्यवृंदातील कोणत्याही क्षणीच्या सर्वांत खालच्या स्वरास 'तळस्वर' म्हणावे, आणि त्यांच्या ओळीस 'वाट' किंवा 'चाल' म्हटल्यास हरकत नाही. 'चाल' या शब्दात मराठीने गती आणि धून आधीच एकत्र केल्या आहेत. वाद्याचे नाव 'डबल बेस' असेच ठेवावे, ते मुंबईच्या वादकांच्या तोंडी रुळलेले आहे. भाषांतराचा आणखी एक प्रश्न उरतो तो व्हिला-लोबोस यांच्याच एका शब्दाचा. पहिल्या आणि सातव्या 'बाकियानास'मधील फ्यूगला त्यांनी 'कोन्व्हेर्सा' असे दुसरे नाव दिले आहे. याचे मराठी 'संवाद' असे करण्याचा मोह होतो. पण 'संवाद' म्हटले की दोन पक्ष, विषय आणि निष्कर्ष आले. पहिल्या रचनेतील फ्यूगमागे कल्पना आहे ती चार शोरो-वादकांच्या बैठकीची : एकाने काढलेले वाक्य दुसरा उचलतो, तिसरा त्यावर कडी करतो, आणि कोणीच कोणाचे पुरते ऐकून घेत नाही. याला मराठीत 'गप्पा' म्हणतात.